पाठ १४ : सर्वश्रेष्ठ कोण? – युद्धकलेतील एका वादाची चिकित्सा

१४.१ प्रस्तावना

चार माणसे एकत्र जमली आणि बोलणे कुस्तीवर, कराटेवर किंवा क्रिकेटवर आले, की एक प्रश्न हमखास निघतो : सर्वांत श्रेष्ठ कोण? एक जण आपल्या आवडत्या खेळाडूचे नाव घेतो, दुसरा त्याला हसतो, तिसरा दोघांचेही म्हणणे खोडून काढतो. आवाज चढतात, पण वाद तसूभरही पुढे सरकत नाही. वाद घालणाऱ्यांपाशी माहिती नसते असे नाही. पुष्कळदा प्रत्येक जण 'श्रेष्ठ' हा शब्द निराळ्या अर्थाने वापरत असतो आणि ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आलेली नसते.

शस्त्राने किंवा शस्त्रावाचून समोरासमोर लढण्याच्या ज्या कला निरनिराळ्या देशांत विकसित झाल्या, त्यांना आज 'मार्शल आर्ट' म्हणजेच युद्धकला असे म्हटले जाते. आपल्याकडील कुस्ती, केरळातील कळरिपयट्टू, कोल्हापूरचे मर्दानी खेळ, जपानमधील ज्युदो व कराटे, चीनमधील कुंग-फू या सर्वांचा त्यात समावेश होतो. या कलांमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद जगभर मोठ्या हिरिरीने घातला जातो. प्रस्तुत वैचारिक लेखात याच वादाचा विचार केला आहे. एखाद्या वादग्रस्त प्रश्नाकडे कसे पाहावे, हे त्यातून तुमच्या लक्षात येईल.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• 'श्रेष्ठ' या शब्दामागे कोणकोणती मापे दडलेली असतात, ते सांगू शकाल;
• दंतकथा, एका पक्षाची साक्ष आणि नोंदलेली घटना यांतील फरक ओळखू शकाल;
• एखाद्या विषयावर आपले मत कारणांसह मांडू शकाल;
• वादविवादात उपयोगी पडणाऱ्या शब्दांचा व वाक्प्रचारांचा योग्य वापर करू शकाल.

१४.३ मूळ पाठ

(अ) विजयाचे माप

श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे सर्वांत सोपे वाटणारे उत्तर म्हणजे जो कधीही हरला नाही तो. हे माप स्वीकारले, तर पहिले नाव येते मियामोतो मुसाशी यांचे. इ. स. १६४५ मध्ये निधन पावलेले हे जपानी तलवारबाज. वयाच्या तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षाच्या सुमारापर्यंत आपण साठांहून अधिक द्वंद्वे केली आणि त्यांतील एकही हरलो नाही, असे त्यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या 'गो रिन नो शो' या ग्रंथात नमूद केले आहे.

दुसरे नाव भारतीय उपखंडातले. गुलाम मुहम्मद बख्श म्हणजेच गामा पैलवान इ. स. १९१० मध्ये लंडनला गेले. उंची कमी असल्याच्या कारणावरून त्यांना तेथील स्पर्धेत प्रथम प्रवेश मिळाला नाही आणि म्हणून त्यांनी जाहीर आव्हान देऊन शड्डू ठोकला, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. पुढे त्यांनी अमेरिकन मल्ल बेंजामिन रोलर यांना हरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलंडचे नामवंत मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याशी त्यांची लढत झाली. ती अडीच तासांहून अधिक चालली. झिबिस्को बहुतेक वेळ गादीला पोट लावून पडून राहिले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठ दिवसांनी पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झिबिस्को मैदानात आलेच नाहीत आणि गामांना विजयी घोषित करण्यात आले. इ. स. १९२८ मध्ये पतियाळा येथे हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी गामांनी एका मिनिटाच्या आत झिबिस्को यांना चीतपट केले.

यावरून कोणी म्हणेल, की वाद संपला. अजिंक्य तोच श्रेष्ठ. परंतु येथेच काही शंका उभ्या राहतात. तलवारीच्या द्वंद्वाची आणि कुस्तीच्या लढतीची तुलना करायची कशी? एकात प्राण जाण्याची शक्यता असते, दुसऱ्यात पाठ टेकताच लढत संपते. शिवाय 'कधीही हरला नाही' हे विधान आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले, हेही विचारावे लागते.

(आ) पुराव्याची कसोटी

मुसाशींच्या साठ विजयांची साक्ष मुख्यतः स्वतः मुसाशींचीच आहे. त्यामुळे ती खोटी ठरत नाही. परंतु जो स्वतःच्या यशाविषयी बोलतो त्याचे शब्द आणि तटस्थ माणसाने केलेली नोंद यांचे वजन सारखे नसते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

गामांच्या बाबतीत लंडनच्या लढतींची नोंद त्या काळच्या वृत्तपत्रांनी केली, म्हणून तो भाग भक्कम आहे. पण त्यांनी पाच हजार कुस्त्या जिंकल्या असे जे वारंवार सांगितले जाते, त्याला साधे अंकगणित लावून पाहावे. कारकीर्द पन्नास वर्षांची धरली, तरी वर्षाला शंभर कुस्त्या होतात. म्हणजे ऊन, पाऊस, आजार, प्रवास यांतून दर तीन-चार दिवसांनी एक कुस्ती. गामा थोर मल्ल होते हे सांगण्यासाठी या आकड्याची गरज नाही. उलट असा आकडा पुढे केल्याने ऐकणाऱ्याला खऱ्या पराक्रमाविषयीही संशय येऊ लागतो.

याहून बोलके उदाहरण ब्रूस ली यांचे आहे. इ. स. १९६४ च्या अखेरीस अमेरिकेतील ओकलंड शहरात ब्रूस ली आणि वाँग जॅक मॅन या दोन तरुणांमध्ये बंद दाराआड लढत झाली. तिचे चित्रीकरण झालेले नाही. ली यांच्या पत्नीच्या सांगण्यानुसार ती सुमारे तीन मिनिटे चालली आणि ली जिंकले. वाँग यांच्या बाजूच्या सांगण्यानुसार ती वीस मिनिटांहून अधिक चालली आणि निर्णायक निकाल लागला नाही. चिनी नसलेल्यांना ही विद्या शिकवू नये अशी तंबी ली यांना देण्यात आली होती व तेच लढतीचे कारण होते, असे ली यांची पत्नी सांगे. वाँग यांना ते मान्य नव्हते. लढत एकच, साक्षीदारही त्या खोलीत हजर. तरीही वेळ, निकाल आणि कारण या तिन्हींबाबत मतभेद. काल-परवाच्या घटनेची ही गत असेल, तर चारशे वर्षांपूर्वीच्या द्वंद्वांविषयी छातीठोकपणे बोलताना किती जपावे, हे सहज कळते.

(इ) नियम कोणाचे?

पुरावा निर्विवाद असला, तरी एक अडचण उरते. इ. स. १९५१ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील माराकाना मैदानावर जपानचे ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचे हेलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुरा चौतीस वर्षांचे, हेलिओ अडतीस वर्षांचे. किमुरांचे वजन हेलिओंपेक्षा बरेच अधिक. दुसऱ्या फेरीत किमुरांनी हेलिओंचा हात पिरगाळून पेच घातला. हेलिओ हार मानेनात. अखेर त्यांचे थोरले भाऊ कार्लोस यांनी लढत थांबवली. निकालाबाबत कोणालाच शंका नव्हती. तथापि वजने समान असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या दिवशीही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

या लढतीनंतर एक उदार गोष्ट घडली. ज्या पेचाने हेलिओ हरले, त्याला ब्राझीलमधील ग्रेसी परंपरेने विजेत्याचेच नाव दिले. आजही जगभरच्या आखाड्यांत तो पेच 'किमुरा' या नावाने शिकवला जातो. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचा असा गौरव केल्याची उदाहरणे फार थोडी.

पुढे इ. स. १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात निरनिराळ्या युद्धकलांतील लढवय्यांना एकाच जाळीबंद रिंगणात उतरवण्यात आले. वजनगट नव्हते आणि नियमही नाममात्र होते. कोणती कला श्रेष्ठ, याचा आता एकदाचा निकाल लागेल अशी अनेकांची अपेक्षा होती. हेलिओंचे पुत्र रॉइस ग्रेसी यांनी एकाच रात्री तीन लढती जिंकून बाजी मारली. परंतु ही स्पर्धा आखण्यात त्यांच्या थोरल्या भावाचा पुढाकार होता, हेही विसरून चालत नाही. पुढच्या वर्षांत या स्पर्धांना वजनगट आले, वेळेची मर्यादा आली, अनेक प्रहारांवर बंदी आली आणि विजेतेही बदलत गेले. नियम बदलले की बलाबल बदलते. म्हणून 'कोण जिंकले?' या प्रश्नासोबत 'कोणत्या नियमांनी?' हा प्रश्नही विचारावा लागतो.

पाठगत प्रश्न १४.१
योग्य पर्याय निवडा.
१. मुसाशींच्या विजयांची मुख्य साक्ष कोणाची आहे?
(क) त्यांच्या शत्रूंची (ख) वृत्तपत्रांची (ग) स्वतः मुसाशींची (घ) परदेशी प्रवाशांची
२. पाच हजार कुस्त्यांच्या दाव्याची तपासणी पाठात कशाच्या आधारे केली आहे?
(क) पंचांच्या साक्षीच्या (ख) अंकगणिताच्या (ग) छायाचित्रांच्या (घ) न्यायालयाच्या निकालाच्या
३. 'किमुरा' हे पेचाचे नाव कोणाच्या परंपरेत रूढ झाले?
(क) ग्रेसी परंपरेत (ख) गामांच्या परंपरेत (ग) मुसाशींच्या परंपरेत (घ) कळरिपयट्टूच्या परंपरेत

(ई) प्रभावाचे माप

विजयाचे माप अपुरे पडते असे दिसल्यावर काही जण प्रभावाचे माप पुढे करतात. एखाद्याने किती लढती जिंकल्या यापेक्षा त्याच्यामुळे किती लोक या कलेकडे वळले, हे पाहावे असे त्यांचे म्हणणे असते. या मापाने ब्रूस ली यांना तोड नाही. इ. स. १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले आणि हाँगकाँगमध्ये वाढलेले ली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, २० जुलै १९७३ रोजी निवर्तले. त्यांचा 'एंटर द ड्रॅगन' हा चित्रपट त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. नोंद झालेल्या स्पर्धांतील विजय पाहू गेले, तर तरुणपणी हाँगकाँगमध्ये जिंकलेली शालेय मुष्टियुद्ध स्पर्धा एवढेच हाती लागते. तरीही त्यांचे नाव ठाऊक नसलेले गाव शोधून सापडायचे नाही.

विरोधी पक्ष म्हणतो, की ही पडद्यावरची कीर्ती आहे. नटाने पडद्यावर दहा जणांना लोळवले, म्हणून तो खरा लढवय्या ठरत नाही. हा आक्षेप रास्त आहे. पण पुरता नाही. ली यांनी सिअॅटलमध्ये शिकवण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचे पहिले शिष्य जेसी ग्लोव्हर हे कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ज्या काळात ही विद्या सहसा आपल्याच समाजापुरती राखली जाई, त्या काळात त्यांनी शिकवताना जात वा वंश पाहिला नाही. निरनिराळ्या परंपरांतून उपयोगी ते घेऊन त्यांनी 'जीत कून दो' ही स्वतःची पद्धत मांडली. चित्रपट नसते, तरी या कामाची दखल घ्यावीच लागली असती.

(उ) घडवणाऱ्याचे माप

प्रभावाच्या मापाला खोली देणारे आणखी एक माप आहे : मागे काय उरले? या मापाने जपानचे कानो जिगोरो यांचे नाव पुढे येते.

इ. स. १८६० मध्ये जन्मलेले कानो लहानपणी किरकोळ अंगाचे होते आणि शाळेतील दांडगी मुले त्यांना त्रास देत. म्हणून त्यांनी 'जुजुत्सु' ही जुनी झुंजविद्या शिकण्यास सुरुवात केली. त्या काळी जपानमध्ये नवे ते चांगले अशी हवा होती आणि ही विद्या मागे पडली होती. इ. स. १८८२ मध्ये, विशीतील कानोंनी टोकियोतील एइशोजी या मंदिरात बारा चटयांच्या जागेत आणि नऊ शिष्यांसह 'कोदोकान' ही शाळा सुरू केली. जुन्या विद्येतील जिवावर बेतणारे प्रहार त्यांनी मुक्त सरावातून वगळले. फेकण्याचे आणि जखडण्याचे असे डाव ठेवले, की जे दोन्ही बाजूंना पूर्ण ताकदीने व तरीही सुरक्षितपणे करता येतील. या बदलामुळे शिष्याला रोज खऱ्या प्रतिकाराविरुद्ध सराव करता येऊ लागला. यालाच ज्युदो हे नाव मिळाले. शक्तीचा उत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण ही दोन तत्त्वे कानोंनी तिच्या मुळाशी ठेवली.

कानो स्वतः पेशाने शिक्षक होते. इ. स. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सदस्य झाले. इ. स. १९३८ मध्ये कैरो येथील बैठकीहून परतताना जहाजावरच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी गाजवलेल्या लढतींची यादी कोणी पाठ करत नाही. परंतु ब्राझीलमध्ये कार्लोस ग्रेसींना शिकवणारे मित्सुयो माएदा कोदोकानचे आणि माराकानावर लढलेले किमुराही ज्युदोच्याच परंपरेतले. त्या दिवशी मैदानावरील दोन्ही बाजू कानोंच्या त्या बारा चटयांपर्यंत मागे नेता येतात.

इ. स. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अँटन गीसिंक यांनी जपानच्या अकिओ कामिनागा यांना हरवले. सारे सभागृह सुन्न झाले. गीसिंक यांचे समर्थक आनंदाने गादीकडे धावले, तेव्हा गीसिंक यांनी हात वर करून त्यांना थोपवले. गादीचा मान राखला गेला पाहिजे, असे त्यांना वाटले. जपानचा त्या दिवशी पराभव झाला. पण परक्या देशातला एक माणूस केवळ डाव शिकून गेलेला नाही, रीतही शिकून गेला आहे, हे सर्वांनी पाहिले. शिक्षकाच्या श्रेष्ठत्वाचा याहून चांगला पुरावा कोणता?

(ऊ) दाराबाहेर उभे असलेले

येथपर्यंतच्या वादात एक गोष्ट लक्षात आली असेल : घेतलेली सर्व नावे पुरुषांची आहेत. स्त्रियांमध्ये कोणी श्रेष्ठ नव्हते, असा याचा अर्थ घ्यायचा का? त्याचे उत्तर कोदोकानच्याच इतिहासात आहे.

केइको फुकुदा यांचा जन्म इ. स. १९१३ चा. कानोंना जुजुत्सु शिकवणाऱ्या गुरूंची ही नात. कानोंनी कोदोकानमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग काढला होता आणि इ. स. १९३५ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून फुकुदा तेथे दाखल झाल्या. त्यांची उंची जेमतेम पाच फूट. इ. स. १९५३ मध्ये त्यांना काळ्या पट्ट्याची पाचवी श्रेणी मिळाली. त्यापुढची श्रेणी मात्र मिळेना. कौशल्य कमी पडले म्हणून नव्हे. स्त्रियांना पाचवीच्या वर श्रेणी द्यायची नाही, असा प्रघातच होता. पत्रे लिहून या प्रघाताविरुद्ध मोहीम चालवली गेली, तेव्हा कुठे इ. स. १९७२ मध्ये त्यांना सहावी श्रेणी मिळाली. मध्ये एकोणीस वर्षे गेली. इ. स. २००६ मध्ये कोदोकानने त्यांना नववी श्रेणी दिली आणि इ. स. २०११ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतील ज्युदो संघटनेने दहावी. इ. स. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी कित्येक दशके शिकवले.

न्यूयॉर्कच्या रस्टी कानोकोगी यांची कथा याहून नाट्यमय आहे. इ. स. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका ज्युदो स्पर्धेत संघातील जखमी पुरुषाच्या जागी त्या पुरुषवेशात उतरल्या आणि आपली लढत जिंकल्या. नंतर आयोजकांनी विचारले, 'तू स्त्री आहेस का?' त्यांनी मान डोलावली आणि त्यांना पदक परत करावे लागले. त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी स्त्रियांच्या स्पर्धांसाठी झगडण्यात घालवली. इ. स. १९८० मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये भरली, तेव्हा खर्चासाठी त्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. इ. स. १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्युदो केवळ पुरुषांसाठी होते. स्त्रियांना पदकांसाठी खेळता आले ते इ. स. १९९२ मध्ये, बार्सिलोना येथे. काढून घेतलेले पदक कानोकोगींना इ. स. २००९ मध्ये सन्मानाने परत देण्यात आले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

विजयांची यादी ही, ज्यांना गादीवर येऊ दिले त्यांच्यातलीच यादी असते. लंडनमध्ये गामांना दारात अडवले गेले असेल, तर फुकुदा आणि कानोकोगी यांना त्याच दारात आयुष्याची कित्येक वर्षे उभे राहावे लागले. मग 'आजवरचे सर्वश्रेष्ठ' असे म्हणताना आपण कोणाकोणाला मोजलेच नाही, हा विचार सुटता कामा नये.

(ए) समारोप

विजय, प्रभाव आणि मागे उरलेले कार्य या तीन मापांनी तीन निरनिराळी नावे पुढे येतात आणि प्रत्येक नावामागे काही ना काही आधार आहे. तरीही तिन्ही मापे सारख्याच योग्यतेची आहेत असे नाही. विजय त्या दिवसाचा आणि त्या नियमांचा असतो. कीर्ती पडद्याने वाढते, तशी पडद्याबरोबर ओसरते. परंतु ज्याने ही विद्या अधिकाधिक लोकांना शिकता येईल अशी केली, त्याच्यामुळे पुढचे सर्व विजय शक्य झाले. या दृष्टीने कानोंचा दावा सर्वांत बळकट ठरतो. मात्र त्यांनी उघडलेले दार त्यांच्या पश्चात अर्धेच उघडे राहिले आणि ते पुरते उघडण्याचे काम फुकुदा, कानोकोगी यांसारख्या स्त्रियांनी केले. म्हणून हा मान देताना कानोंसोबत त्यांनाही तो द्यावा लागतो.

एखाद्याला हे मत पटणार नाही. तसे असेल, तर त्याने आपले माप स्पष्ट सांगावे, पुरावा दाखवावा आणि आपल्या यादीतून कोण वगळले गेले तेही तपासावे. एवढे केले, तर चार माणसांचा तो वाद नक्कीच पुढे सरकेल.

पाठगत प्रश्न १४.२
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कानोंनी मुक्त सरावातून काय वगळले?
२. गीसिंक यांनी समर्थकांना का थोपवले?
३. फुकुदा यांना सहावी श्रेणी मिळण्यास विलंब का झाला?

१४.४ शब्दार्थ

चिकित्सा – बारकाईने केलेली तपासणी
तटस्थ – कोणत्याही बाजूचा नसलेला
दंतकथा – लोकांच्या तोंडून चालत आलेली, पुरावा नसलेली गोष्ट
प्रघात – रूढ झालेली पद्धत
बलाबल – दोन्ही बाजूंच्या शक्तीचे प्रमाण
विनियोग – योग्य कामासाठी केलेला वापर

वाक्प्रचार
शड्डू ठोकणे – लढण्यास आव्हान देणे
चीतपट करणे – पाठ जमिनीला टेकवून हरवणे
बाजी मारणे – यश मिळवणे
खोडून काढणे – दुसऱ्याचे म्हणणे चुकीचे असल्याचे दाखवणे

१४.५ भाषाभ्यास

'हा आक्षेप रास्त आहे. पण पुरता नाही.' या वाक्यात लेखकाने विरोधी पक्षाचे म्हणणे आधी मान्य केले आहे आणि मग त्याची मर्यादा दाखवली आहे. वादविवादात ही रीत फार उपयोगी पडते. 'पण, परंतु, तथापि, तरीही, जरी–तरी' ही उभयान्वयी अव्यये अशा वेळी वापरली जातात. पाठातून अशी आणखी चार वाक्ये शोधून लिहा.

१४.६ आपण काय शिकलो?

• 'श्रेष्ठ' हा शब्द वापरण्यापूर्वी त्याचे माप ठरवावे लागते.
• स्वतःची साक्ष, एका पक्षाची साक्ष आणि तटस्थ नोंद यांचे वजन वेगवेगळे असते.
• सामन्याचा निकाल नियमांवर अवलंबून असतो.
• ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत सापडत नाहीत.

१४.७ स्वाध्याय

१. ब्रूस ली आणि वाँग जॅक मॅन यांच्या लढतीचे उदाहरण लेखात कशासाठी दिले आहे? पाच-सहा ओळींत लिहा.
२. 'हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचा गौरव केला', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. कानो जिगोरो यांचा दावा सर्वांत बळकट का, याची लेखात दिलेली कारणे लिहा. ती तुम्हाला पटतात का? तुमचे मत सकारण मांडा.
४. तुमच्या गावात, व्यवसायात किंवा कुटुंबात संधी न मिळाल्यामुळे ज्यांचे कौशल्य लोकांसमोर आले नाही, अशा एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.
५. उपक्रम : केरळातील वटकरा येथे कळरिपयट्टू शिकवणाऱ्या मीनाक्षी अम्मा यांना इ. स. २०१७ मध्ये 'पद्मश्री' देऊन गौरवण्यात आले. त्यांच्याविषयी माहिती मिळवा आणि अभ्यासकेंद्रातील सहाध्यायांसमोर सादर करा.

१४.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. (ग) २. (ख) ३. (क)
१४.२ : १. कानोंनी जिवावर बेतणारे प्रहार मुक्त सरावातून वगळले. २. गादीचा मान राखला जावा म्हणून गीसिंक यांनी समर्थकांना थोपवले. ३. स्त्रियांना पाचव्या श्रेणीच्या वर न नेण्याचा प्रघात असल्यामुळे विलंब झाला.